नोंदणीकृत आहारतज्ज्ञ व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्याकडे सतत येतात. शाळा संपवणारी मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, हातातली नोकरी सोडून या क्षेत्रात येऊ पाहणारेही विचारतात. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर असा क्रम ठेवला आहे. नोंदणीचे नियम देशागणिक वेगळे असतात, म्हणून जिथे नियम आला तिथे देशाचं नावही दिलं आहे. अर्ज भरण्याआधी त्या त्या नोंदणी संस्थेचा चालू वर्षाचा नियम मात्र स्वतः वाचायचाच.

१. आहारतज्ज्ञ, न्यूट्रिशनिस्ट आणि नोंदणीकृत आहारतज्ज्ञ, तिघंही एकच काम करतात ना?

लांबून काम सारखं दिसतं, जबाबदारी सारखी नसते. नोंदणीकृत आहारतज्ज्ञ मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करतात, ठरलेला काळ देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करतात, जिथे परीक्षा असते तिथे ती उत्तीर्ण होतात आणि मग त्यांचं नाव नोंदणी संस्थेच्या यादीत येतं. चुकीच्या सल्ल्याने नुकसान झालं तर रुग्ण त्या संस्थेकडे तक्रार करू शकतो, आणि संस्था चौकशी करून नाव काढून टाकू शकते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा फरक हाच आहे: इथे जाब द्यावा लागतो.

ब्रिटनमध्ये 'डाएटिशियन' हे नाव कायद्याने संरक्षित आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल म्हणजे एचसीपीसीच्या यादीत नसताना ते लावलं तर गुन्हा होतो. 'न्यूट्रिशनिस्ट' मात्र तिथे कुणीही म्हणवून घेऊ शकतं. म्हणून सगळे न्यूट्रिशनिस्ट अर्धवट शिकलेले असं समजू नका. सार्वजनिक आरोग्यात आणि संशोधनात फार मोठं काम करणारे न्यूट्रिशनिस्ट आहेत. नुसत्या नावावरून त्यांचं शिक्षण कळत नाही, एवढंच.

२. आरडी आणि आरडीएन यांत मोठं कोण?

कुणीच नाही. अमेरिकेत २०१३ पासून 'रजिस्टर्ड डाएटिशियन' ऐवजी 'रजिस्टर्ड डाएटिशियन न्यूट्रिशनिस्ट' असं लिहायची मुभा आहे. परीक्षा तीच, हक्क तेच.

३. दिवसभर नेमकं काय काम असतं?

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांचा दिवस सहसा नव्याने दाखल झालेल्या रुग्णांच्या यादीने सुरू होतो. कुपोषणाचा धोका कुणाला आहे हे चाळणी लावून पाहतात. ब्रिटनमध्ये २००३ मध्ये तयार झालेली 'मस्ट' ही चाळणी यासाठी बरीच वापरली जाते. उंची-वजनावरून काढलेला बीएमआय, गेल्या तीन ते सहा महिन्यांत नकळत घटलेलं वजन आणि सध्याच्या आजारामुळे खाणं थांबलं आहे का, या तीन गोष्टींना गुण देतात. बेरीज २ किंवा जास्त आली की धोका मोठा.

त्यानंतर चार पायऱ्या येतात: मूल्यमापन, पोषणविषयक निदान, उपाय आणि पाठपुरावा. यातल्या निदानावर विद्यार्थी अडखळतात. 'कर्करोग' हे डॉक्टरांचं निदान झालं. आहारतज्ज्ञ लिहितात ते असं: 'गिळताना होणाऱ्या वेदनांमुळे ऊर्जेचं सेवन अपुरं, पुरावा, गेल्या आठवड्यात गरजेच्या निम्मंच खाणं आणि वजनात घट.' त्रास काय, कशामुळे आणि कशावरून, हे एकाच वाक्यात आलं पाहिजे. ते नीट लिहिलं की उपाय जवळजवळ आपोआप सुचतो. इथे उपाय अन्न वाढवण्यापासून सुरू होत नाही. आधी वेदना आटोक्यात आणायच्या आणि अन्नाचा मऊपणा बदलायचा.

उरलेला दिवस राउंड, डॉक्टर-नर्सशी बोलणं, ओपीडीतलं समुपदेशन, रुग्णालयाच्या स्वयंपाकघराशी समन्वय आणि भरपूर नोंदी लिहिणं यात जातो. नोंदी लिहायचा कंटाळा असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

४. शेवटी डाएट चार्टच तर द्यायचा असतो. त्याला इतकी वर्षं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर सविस्तर देते.

समजा, कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेला, ४० किलो वजनाचा रुग्ण दाखल झाला. घरच्यांना वाटतं, आता याला भरपूर खायला घाला. नेमकं तेच धोक्याचं असतं. उपाशी शरीरात एकदम कर्बोदकं गेली की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. रक्तातली पातळी कोसळली की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, माणूस दगावू शकतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे अशा जास्त धोक्याच्या रुग्णाला सुरुवातीला दिवसाला प्रतिकिलो जास्तीत जास्त १० किलोकॅलरी द्यायच्या. म्हणजे पहिल्या दिवशी ४००. आहार सुरू करण्याआधीपासून थायमिन म्हणजे जीवनसत्त्व 'बी-१' द्यायचं, क्षारांच्या तपासण्या करत राहायच्या आणि काही दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं. 'एवढंसंच का देता?' म्हणून चिडलेल्या नातेवाइकांना हे शांतपणे समजावणं हाही कामाचाच भाग.

दुसरं उदाहरण मूत्रपिंडाच्या आजाराचं. आजार बळावलेला पण डायलिसिस सुरू न झालेला, मधुमेह नसलेला आणि प्रकृती स्थिर असलेला रुग्ण असेल तर देखरेखीखाली प्रथिनं प्रतिकिलो ०.५५ ते ०.६ ग्रॅमपर्यंत खाली आणता येतात. ६० किलोच्या माणसाला हे ३३ ते ३६ ग्रॅम होतात. डायलिसिस सुरू झालं की गरज प्रतिकिलो १ ते १.२ ग्रॅम होते, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. माणूस तोच, आजार तोच, पण कालपर्यंतचा सल्ला आज उलटा. जुना चार्ट कुणी बदलला नाही तर रुग्णाचे स्नायू झिजत जातात.

वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांना 'हिरव्या पालेभाज्या बंद' असं सर्रास सांगितलं जातं. बंद करायची गरज नसते. जीवनसत्त्व 'के' रोज साधारण सारख्या प्रमाणात पोटात गेलं पाहिजे, म्हणजे औषधाचा डोस त्यानुसार बसवता येतो. चार्ट छापायला एक मिनिट लागतं. तो कुणाला द्यायचा आणि कधी फाडायचा हे शिकण्यात वर्षं जातात.

५. शाळेत कोणते विषय घेतलेले असावेत?

रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवंच. गणित सोडू नका (प्रश्न ९ पाहा). काही विद्यापीठं विज्ञानाशिवायही पोषणशास्त्राच्या पदवीला प्रवेश देतात, पण नोंदणीपर्यंत नेणाऱ्या अभ्यासक्रमात जीवरसायनशास्त्र टळत नाही आणि पाया कच्चा असेल तर पहिल्याच वर्षी दमछाक होते.

६. नुसती पदवी पुरते की पदव्युत्तर शिक्षण लागतंच?

देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणी परीक्षेला बसायला किमान मास्टर्स लागते. त्याआधी पदवी पुरत होती, त्यामुळे इंटरनेटवरची जुनी माहिती अजून तेच सांगते आणि अनेकांची फसगत होते. आधीच नोंदणी झालेल्यांना मात्र नव्याने मास्टर्स करावी लागली नाही. ब्रिटनमध्ये एचसीपीसीने मान्य केलेली पदवी चालते, आणि विज्ञानाची दुसरी पदवी असणाऱ्यांसाठी साधारण दोन वर्षांचा पदव्युत्तर मार्ग आहे. नोकरी करता करता शिकण्याचा अप्रेंटिसशिपचा मार्गही तिथे खुला आहे. भारताबद्दल प्रश्न १४ पाहा.

७. कॉलेज निवडताना काय बघायचं?

सगळ्यात आधी मान्यता. अभ्यासक्रमाच्या नावात 'न्यूट्रिशन' असणं आणि त्या अभ्यासक्रमातून नोंदणीला पात्र होता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत एसेंड ही संस्था मान्यता देते, ब्रिटनमध्ये एचसीपीसी, ऑस्ट्रेलियात डाएटिशियन्स ऑस्ट्रेलिया. मान्य अभ्यासक्रमांची यादी या संस्थांकडे उघड असते. फी भरण्याआधी त्या यादीत विद्यापीठाचंच नव्हे, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव शोधा. एकाच विद्यापीठात एक अभ्यासक्रम मान्य आणि शेजारचा अमान्य असं चालतं, आणि पदवी हातात पडल्यावर हे कळलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

मग विचारा: इंटर्नशिप अभ्यासक्रमातच धरलेली आहे की स्वतः शोधायची? वेगळी असेल तर जागा मिळतेच याची हमी नाही. परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात किती विद्यार्थी उत्तीर्ण होतात हेही विचारा. उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा.

८. सगळ्यात अवघड विषय कोणता?

बहुतेकांना जीवरसायनशास्त्र. पण मला विचाराल तर समुपदेशन. चयापचयाचं चक्र पाठ करता येतं. समोरचा माणूस मान डोलावतो आहे आणि घरी गेल्यावर काहीच करणार नाही, हे ओळखायला आणि तरीही त्याला दोष न देता बोलायला शिकायला फार वेळ लागतो. जाहिरातीत न दिसणारा आणखी एक विषय म्हणजे अन्नसेवेचं व्यवस्थापन. शेकडो माणसांचा स्वयंपाक, खरेदी, साठवण, तापमान, मनुष्यबळ, अंदाजपत्रक हे सगळं त्यात येतं. 'मला रुग्ण बघायचेत, हे कशाला?' असं म्हणणारे परीक्षेत नेमके इथेच गुण घालवतात.

९. माझं गणित कच्चं आहे. जमेल का?

जमेल. कॅल्क्युलस लागत नाही. टक्केवारी, प्रमाण आणि एककं बदलणं मात्र पक्कं हवं. रोजचं काम कसं असतं ते पाहा.

नळीवाटे आहार घेणाऱ्या रुग्णाला दिवसाला १,८०० किलोकॅलरी हव्यात. हातातल्या फॉर्म्युल्यात, म्हणजे नळीतून द्यायच्या तयार पातळ आहारात, प्रत्येक मिलिलिटरला १.५ किलोकॅलरी आहेत. म्हणजे १,२०० मिलि लागेल. पंप २० तास चालवायचा तर वेग तासाला ६० मिलि. आता पाणी. या फॉर्म्युल्यात पाणी ७६ टक्के आहे, म्हणजे ९१२ मिलि. रुग्णाची पाण्याची गरज १,८०० मिलि असेल तर ८८८ मिलि कमी पडतं. ते सहा वेळा विभागून दर वेळी १४८ मिलि नळीतून द्यायचं. ही शेवटची पायरी विसरली तर कॅलरी बरोबर आणि रुग्ण कोरडा पडलेला, अशी गत होते. शिरेतून सलाइन चालू असेल तर ते पाणीही हिशेबात धरायचं.

आकडेमोड पाचवी-सहावीची आहे. चूक होते ती घाईत, आणि तिची किंमत दुसरा कुणी मोजतो. म्हणून सॉफ्टवेअर असलं तरी हाताने करून पाहायची सवय लावा.

१०. इंटर्नशिप किती काळाची? तिथे नुसतं बघायचं असतं का?

अमेरिकेत देखरेखीखालचं प्रशिक्षण किमान १,००० तासांचं असतं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ते अभ्यासक्रमातच टप्प्याटप्प्याने गुंफलेलं असतं. सुरुवातीला बघायचं, मग वरिष्ठांसमोर करायचं, शेवटी काही रुग्ण स्वतः हाताळून त्यावर सही घ्यायची. रुग्णालय, समाजातलं काम आणि अन्नसेवा असे वेगवेगळे विभाग फिरावे लागतात.

या काळाला वेतन मिळेलच असं नाही, पुष्कळ ठिकाणी उलट फीच भरावी लागते. घरचं पाठबळ, बचत किंवा शिष्यवृत्ती याचा विचार प्रवेशाच्या वेळीच करा. हुशार मुलं इथे पैशांअभावी थांबतात, आणि या व्यवसायाने अजून नीट न सोडवलेला हा प्रश्न आहे असं मला मनापासून वाटतं.

इंटर्नशिपमध्ये एक गोष्ट मुद्दाम करा: जेवणाच्या वेळी वॉर्डात थांबा. ट्रे रुग्णाच्या हाताला पोचतो का, झाकण त्याला उघडता येतं का, कवळी जवळ आहे का, तो जेवत असतानाच कुणी तपासणीला घेऊन जातं का. 'भूक मंद' अशी नोंद असलेल्या कितीतरी रुग्णांची खरी अडचण इथे सापडते.

११. परीक्षा कशी असते?

अमेरिकेतली परीक्षा कमिशन ऑन डाएटेटिक रजिस्ट्रेशन म्हणजे सीडीआर घेतं. ती संगणकावर होते आणि तुमच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न बदलतात. किमान १२५ आणि कमाल १४५ प्रश्न. त्यांतले २५ फक्त चाचपणीचे, त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. गुण १ ते ५० अशा मोजपट्टीवर, उत्तीर्ण व्हायला २५. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. कॅनडातही राष्ट्रीय नोंदणी परीक्षा आहे, क्वेबेक प्रांत मात्र ती घेत नाही. ब्रिटनमध्ये मान्य अभ्यासक्रम तिथेच पूर्ण केला असेल तर नोंदणीसाठी वेगळी परीक्षा नसते.

प्रश्न पाठांतराचे कमी, निर्णयाचे जास्त. उदाहरणार्थ: सोलून, साफ करून २० किलो भाजी हाती हवी, साफ केल्यावर ८० टक्के उरते, तर विकत किती घ्यायची? घाईत लोक २० टक्के वाढवून २४ किलो लिहितात. पण २४ चे ८० टक्के १९.२ होतात. २० ला ०.८ ने भागायचं, उत्तर २५. तसंच अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी दिसलं की 'प्रथिनं वाढवा' हा पर्याय भुलवतो. अल्ब्युमिन जंतुसंसर्गात आणि शरीरातल्या दाहातही खाली येतं, त्यावरून कुपोषण ठरवत नाहीत. जुन्या पुस्तकांतून अभ्यास करणारे इथे हमखास फसतात.

१२. नापास झाले तर?

पुन्हा देता येते. अमेरिकेत दोन प्रयत्नांत किमान ४५ दिवसांचं अंतर लागतं. निकालात विभागवार गुण कळतात, ते पाहून कच्चा विभाग आधी घ्या. पहिल्यांदा न जमलेले कितीतरी जण आज उत्तम काम करत आहेत, रुग्ण कुणाला प्रयत्नांची संख्या विचारत नाही. इंटर्नशिप संपल्यावर परीक्षा लांबणीवर टाकू नका, एवढं मात्र आग्रहाने सांगते. वॉर्डातलं ताजं असतानाच द्या.

१३. नोंदणी आणि परवाना एकच का?

नाही, आणि हा घोळ अमेरिकेत जास्त होतो. नोंदणी सीडीआरची, देशभर एकच. परवाना राज्याचा, आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. काही राज्यांत परवान्याशिवाय आहारोपचार देता येत नाहीत, काही ठिकाणी फक्त नाव संरक्षित आहे. कॅनडात प्रांतांची नियामक मंडळं नोंदणी करतात. ऑस्ट्रेलियात सरकारी नोंदणी नाही, डाएटिशियन्स ऑस्ट्रेलिया ही व्यावसायिक संघटनाच 'अ‍ॅक्रेडिटेड प्रॅक्टिसिंग डाएटिशियन' हा दर्जा देते आणि पहिलं वर्ष अनुभवी मार्गदर्शकासोबत काढावं लागतं.

१४. भारतात 'आरडी' कसं व्हायचं?

१९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन डाएटेटिक असोसिएशनतर्फे नोंदणीची परीक्षा होते. त्यासाठी संस्थेचं सदस्यत्व, अन्न-पोषण किंवा आहारशास्त्रातलं ठरलेलं शिक्षण आणि रुग्णालयातली इंटर्नशिप लागते. शिवाय २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात आहारतज्ज्ञ आणि न्यूट्रिशनिस्ट दोघांचाही समावेश आहे, आणि आयोगाबरोबर राज्य परिषदांची व नोंदवह्यांची तरतूद आहे. तेव्हा असोसिएशनची आरडी आणि कायद्याखालची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा, आणि आज शिकत असाल तर दोन्हींकडे लक्ष असू द्या.

१५. एका देशाची नोंदणी दुसऱ्या देशात चालते का?

थेट चालेल असं धरून बसू नका. बहुतेक ठिकाणी पदवीचं मूल्यमापन, प्रशिक्षणाच्या तासांचा पुरावा, भाषेची परीक्षा आणि कधी पूरक अभ्यास किंवा परीक्षा अशी वाट असते. भारतातली आणि अमेरिकेतली 'आरडी' अक्षरं सारखी असली तरी नोंदण्या वेगळ्या आहेत. परदेशी जायचा विचार असेल तर शिकत असतानाच प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम आणि इंटर्नशिपचे तास विभागवार लिहून, सही-शिक्क्यासह जपून ठेवा. दहा वर्षांनी ते मिळवणं फार कठीण जातं.

१६. सहा महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स केला तर?

स्वतःच्या माहितीसाठी जरूर करा. त्याने नोंदणीला पात्र होता येत नाही, आणि आजारी माणसाला आहारोपचार सांगण्याची तयारीही होत नाही. कारण प्रश्न ४ मध्ये आलं आहे. ऑनलाइन शिकण्याला मात्र माझा विरोध नाही. मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा बराच भाग आज ऑनलाइन होतो, प्रशिक्षण प्रत्यक्ष जागेवर होतं.

१७. मी नर्स आहे, वय ३८. आता सुरुवात करणं शहाणपणाचं आहे का?

वयाची अट नसते, आणि तुमच्याकडे वॉर्डाचा अनुभव आहे जो इतरांना नव्याने मिळवावा लागतो. आधीचे काही विषय धरले जाऊ शकतात, जीवरसायनशास्त्र जुनं असेल तर पुन्हा करायला सांगतात. इंटर्नशिपमधून सहसा सूट मिळत नाही. डॉक्टर आणि फार्मसिस्ट यांनाही हेच लागू. घरच्या जबाबदाऱ्या असतील तर अर्धवेळ अभ्यासक्रम शोधा, आणि पूर्णवेळ इंटर्नशिपच्या काळाचं नियोजन सगळ्यात आधी करा.

१८. रुग्णालयात काम नको असेल तर?

खेळाडूंचं पोषण, सार्वजनिक आरोग्य, शाळा आणि वृद्धाश्रमांची अन्नसेवा, संशोधन, अध्यापन, अन्नउद्योग, धोरण, खासगी प्रॅक्टिस असं बरंच आहे. तरीही पहिली एक-दोन वर्षं रुग्णालयात काढाच असं मी सांगते. खेळाडूलाही मधुमेह असतो आणि खासगी दवाखान्यात येणारा माणूस तपासण्यांचे कागद घेऊनच येतो.

१९. उत्पन्न कसं असतं?

सुरुवात बहुधा माफक. वाढ होते ती विशेष शाखेमुळे (मूत्रपिंड, अतिदक्षता, बालरुग्ण), व्यवस्थापनाच्या पदांमुळे किंवा स्वतःची प्रॅक्टिस जमल्यावर. ज्या देशात विमा आहारोपचाराचे पैसे देतो तिथे प्रॅक्टिस लवकर उभी राहते. अमेरिकेत मेडिकेअर हा मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा २००२ पासून मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारात, डॉक्टरांच्या शिफारशीवर, याचा खर्च उचलतो. दुसऱ्या आजारांसाठी मात्र बराच खर्च रुग्णाच्या खिशातून जातो.

२०. माझं स्वतःचं वजन जास्त आहे. लोक मला गांभीर्याने घेतील का?

काही जण टोमणे मारतील, ते खरं आहे. पण कुठलीही नोंदणी संस्था तुमचं वजन विचारत नाही. आयसीयूतल्या रुग्णाचा ट्यूब फीड बरोबर लावायला आहारतज्ज्ञ बारीक असावे लागत नाहीत. उलट, वजनावरून अपमान सोसलेले रुग्ण तुमच्यासमोर मोकळेपणाने बोलतात, हे मी पाहिलं आहे.

२१. मला पूर्वी खाण्याचा विकार होता. या क्षेत्रात यावं का?

येता येतं, आणि असे चांगले सहकारी आहेत. पण शिकताना दिवसरात्र कॅलरी, वजन आणि ग्रॅममध्ये वावरावं लागतं, जुनी जखम तिथे उघडू शकते. उपचार करणाऱ्यांशी आधी बोला, बरं होऊन स्थिरावायला पुरेसा वेळ द्या, आणि प्रशिक्षणाच्या काळात आधार चालू ठेवा. स्वतःच्या खाण्यावर ताबा मिळवायचा म्हणून हे शिक्षण घ्यायचं मनात असेल तर सध्या थांबा आणि आधी मदत घ्या. खाण्याच्या विकारांच्या रुग्णांसोबत काम करायचा निर्णय तर फार पुढे, देखरेख करणाऱ्या वरिष्ठांच्या सोबतीने घ्यायचा.

२२. माझा एका विशिष्ट आहारपद्धतीवर ठाम विश्वास आहे. तीच सगळ्यांना सुचवली तर चालेल?

नाही. स्वतः हवी ती पाळा. रुग्णाला सल्ला पुराव्यावरून आणि त्याच्या परिस्थितीवरून द्यायचा. कीटोजेनिक आहार, म्हणजे भरपूर चरबीचा आणि अगदी कमी कर्बोदकांचा आहार, औषधांना दाद न देणाऱ्या काही अपस्मारांत १९२१ पासून उपचार म्हणून वापरला जातो. तोच आहार चरबीच्या चयापचयाचे काही जन्मजात दोष असलेल्या मुलासाठी जीवघेणा ठरू शकतो.

२३. डॉक्टरांचा आणि माझा सल्ला वेगळा पडला तर? औषध बदलता येतं का?

औषध स्वतःहून बदलायचं नाही. ब्रिटनमध्ये २०१६ पासून ठरलेलं प्रशिक्षण घेतलेल्या आहारतज्ज्ञांना पूरक प्रिस्क्राइबर म्हणून, डॉक्टरांसोबत ठरलेल्या आराखड्यात औषधं लिहिता येतात. तो अपवाद आहे. मतभेद झाला तर रुग्णासमोर वाद नको. डॉक्टरांशी थेट बोला, कारण आणि आकडे द्या, आणि झालेलं बोलणं नोंदीत लिहा. रुग्णाला तातडीचा धोका दिसत असेल तर मात्र संकोच बाजूला ठेवून वरिष्ठांपर्यंत जायचं. नोंदणीने ते कर्तव्य तुमच्यावर टाकलं आहे.

२४. पूरक आहाराची पावडर-गोळ्या विकता येतील का?

कायद्याने बंदी नसली तरी आचारसंहिता लागू होते: हितसंबंध उघड सांगायचे, गरज नसताना सुचवायचं नाही, दुसरीकडून घ्यायचं स्वातंत्र्य द्यायचं. माझं मत विचाराल तर सल्ला आणि विक्री एकाच टेबलावर नको. कमिशन मिळतं हे कळल्यावर रुग्ण तुमच्या खऱ्या सल्ल्यावरही विश्वास ठेवत नाही.

२५. दुसऱ्या राज्यातल्या किंवा देशातल्या माणसाला व्हिडिओ कॉलवर सल्ला देता येतो का?

साधारण नियम असा की रुग्ण जिथे बसला आहे तिथला कायदा बघितला जातो. त्यामुळे अमेरिकेत परवाना एका राज्याचा आणि रुग्ण दुसऱ्या राज्यात असेल तर आधी तिथली अट तपासा. तुमचा व्यावसायिक विमा परदेशातल्या रुग्णाला धरतो का, हेही लेखी विचारून घ्या. सर्वसाधारण माहितीपर व्याख्यान देणं वेगळं आणि एका माणसाच्या तपासण्या पाहून उपचार सांगणं वेगळं.

२६. एकदा नोंदणी झाली की कायमची ना? मुलांसाठी काही वर्षं थांबले तर?

कायमची नाही. अमेरिकेत दर पाच वर्षांत ७५ तासांएवढं निरंतर शिक्षण दाखवावं लागतं. ब्रिटनमध्ये दर दोन वर्षांनी नूतनीकरण होतं, आणि त्या वेळी २.५ टक्के लोकांना निवडून त्यांच्या शिक्षणाच्या नोंदी तपासतात.

खंड पडला तरी परतता येतं. ब्रिटनमध्ये दोन ते पाच वर्षं काम सुटलं असेल तर ३० दिवसांचं आणि त्याहून जास्त सुटलं असेल तर ६० दिवसांचं अद्ययावत प्रशिक्षण पूर्ण करून पुन्हा नोंदणी मागता येते. त्यात देखरेखीखालचं काम, औपचारिक अभ्यास आणि स्वतः केलेला अभ्यास यांचं मिश्रण चालतं, मात्र स्वतःचा अभ्यास निम्म्याहून जास्त धरत नाहीत. थांबायचं ठरलं असेल तर नोंदणी चालू ठेवता येते का ते आधी पाहा, कारण अमेरिकेत नोंदणी पूर्ण गेली तर पुन्हा परीक्षा द्यावी लागू शकते. खंडाच्या काळात नोंदणी सुटलेली असताना नावापुढे 'आरडी' लावायचं नाही. जुनी व्हिजिटिंग कार्डं आणि समाजमाध्यमांवरची ओळखही त्याच दिवशी बदला.